मोठ्यानं मागितलेलं

मनातल्या मनात प्रार्थना करता येते, हे मला पुष्कळ मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. नगरच्या मिशनच्या आवारात आम्ही वाढलो आणि तिथं प्रार्थना ही बोलून करायची गोष्ट होती. बोर्डिंगात रोज संध्याकाळी एकेक मुलगी उभी राही, डोक्यावर पदर घेई आणि जे मागायचं ते शेवटच्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात मागे. कुणाचा बाप दारू पितो, कुणाच्या भावाला खरूज झालीय, कुणाला अपूर्णांक जमत नाहीत, हे सगळ्या बोर्डिंगला ठाऊक असे. पुटपुटणारीला आमच्या बोर्डिंगच्या बाई पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावत. देवाला कमी ऐकू येतं म्हणून नव्हे, तर तुला काय हवंय ते तुझं तुला ऐकू यावं म्हणून, असं त्या म्हणत. माझा आवाज मुळातच दांडगा. मला कधी दुसऱ्यांदा उभं राहावं लागलं नाही, आणि त्याचा मला गर्वही होता. या सवयीपायी पुढं एका गावाची चावडी माझ्यासाठी भरली, ती ही हकीगत.

लढाईच्या वर्षांत माझं ट्रेनिंग पुरं झालं आणि लोकल बोर्डानं मला कर्जत तालुक्यातल्या एका गावी मुलींची शाळा चालवायला पाठवलं. मी तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. सोबत आई आली. वडील खेडोपाडी फिरणारे उपदेशक होते, ते पटकीच्या साथीत गेले होते, आणि आईला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सर्व्हिस मोटारीनं कर्जतपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आम्ही त्या गावात उतरलो. गावानं मास्तरीण मागितली होती हे खरं, पण ख्रिस्ती मास्तरीण मागितली नव्हती.

त्यातून आमचं मूळ महारवाड्यातलं. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, गाडीतून ट्रंक खाली ठेवेपर्यंत गावाला कळलेलं असतं. गावाच्या माझ्याबद्दल दोन तक्रारी होत्या. एक, ही आपल्या पोरींना बाटवील. दुसरी, ही मुळातच बाटलेली, हिला शिवायचं नाही. जिला शिवायचंच नाही ती बाटवणार कशी, हे मी विचारणार होते. आईनं माझा दंड दाबला म्हणून राहिलं. गांधी टोपी घालणारी दोन-चार पोरं होती, ती आम्हाला साहेबाची माणसं म्हणत. साहेबानं मला काय दिलं होतं कोण जाणे. रॉकेलसाठी मीही त्यांच्यामागंच रांगेत उभी राहत होते.

पाण्याची तऱ्हा वेगळीच. विहिरीवर जायचं, पण दोराला हात लावायचा नाही. पाणी ओततात त्या थारोळ्यापासून लांब घागर ठेवून उभं राहायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा तिनं वरून धार सोडायची. शाळेत मी बाई आणि विहिरीवर ‘ए, सरक तिकडं’. मला याचा संताप येई. आई मात्र घागर भरून देणाऱ्या प्रत्येकीला ‘देव तुझं भलं करो’ म्हणे आणि मनापासून म्हणे. मी तिच्याएवढी चांगली कधीच नव्हते.

शाळेला जागा कुणी देईना. शेवटी दिली ती एका शेतकऱ्यानं. अंगानं थोराड, बोलणं मोजकं, दोन बैलजोड्या बाळगून असलेला तो माणूस होता. गोठ्याला लागून त्याची कडबा ठेवायची खोली होती, ती त्यानं झाडून सारवून घेतली. मी आभार मानायला लागले तर म्हणाला, “त्यात काय हाय बाई. बाजाराला गेलो की साधी पाटी वाचायला दुसऱ्याच्या त्वांडाकडं बघावं लागतंय. आमचं गेलं तसं गेलं. पोरीला वाचू द्या.” पहिल्या दिवशी तो स्वतःच्या मुलीला हाताला धरून घेऊन आला आणि गाव बघत असताना तिला माझ्यापुढं बसवून गेला. त्याच्याकडं बघून बाकीच्यांनी हळूहळू आपल्या मुली धाडल्या. त्या माणसानं तेव्हा केलं तेवढं माझ्यासाठी आजवर फार थोड्यांनी केलं आहे.

खोली आणि गोठा यांच्यामधली भिंत मातीची होती. ती छपरापर्यंत पोचलेली नव्हती, वर हातभर जागा मोकळी होती. पलीकडच्या जनावरांची ऊब थंडीत आमच्याकडं येई आणि आमचे पाढे तिकडं जात. त्या मुलीची जागा बरोबर त्या भिंतीशी. असेल अकरा-बारा वर्षांची. पाटी पुसली की तिच्यावर फुंकर मारायची, मग बोटानं वाळली का बघायची, आणि मगच पेन्सिल टेकवायची. अक्षर असं की मीच कधी कधी तिच्या पाटीकडं बघून फळ्यावरचं माझं अक्षर सुधारून घेई. एकदा तिनं विचारलं, “बाई, लगीन झाल्यावर वाचायला येतं का इसरतं?” मी म्हटलं, “वाचत राहिलीस तर विसरत नाही.” तिनं यावर बराच विचार केला. म्हणाली, “सासूनं वाचू दिलं पायजे.” मी तिला पुढचं गणित घातलं.

शाळा सुटली की मी दार लोटून घेई आणि फळ्याजवळ उभी राहून प्रार्थना करी. घरी आईची प्रार्थना असायचीच. पण आईसमोर मला देवाशी भांडता येत नसे. ती देवाशी सुनेनं सासऱ्याशी बोलावं तशी अदबीनं बोले. मला तर रोजचं काहीतरी सांगायचं असे, आणि ते अदबीनं सांगण्यासारखं नसे. खोलीत मी एकटी असे. मुली जिथं जिथं बसत त्या त्या जागेकडं बघून मी एकेकीसाठी मागे. हिला सातचा पाढा येऊ दे. हिच्या आईचे डोळे आलेत ते बरे कर. हिला घरी धाकटं पोर सांभाळायला ठेवतात, तिची सुटका कर. आणि विहिरीवरच्या त्या अमकीच्या जिभेला जरा आवर घाल, कारण तू घातला नाहीस तर मी घालीन. हे सगळं मी माझ्या बोर्डिंगच्या आवाजात बोलत होते. भिंतीवरच्या त्या हातभर जागेचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. ऐकणारा एकच आहे असं मी धरून चालले होते.

संक्रांत झाल्यावर त्या मुलीला स्थळ आलं. श्रीगोंद्याकडचं, पाण्याखालची जमीन असलेलं घर. मुलगा तिच्या दुप्पट वयाचा नव्हता, व्यसनी नव्हता, बिजवर नव्हता. त्या काळाच्या हिशेबानं बापाला यात खोट काढण्यासारखं काही नव्हतंच. सुपारी फोडायचा दिवस ठरला. मुलगी शाळेत येत राहिली, पण पाटीवर फुंकर मारायची राहिली. शुद्धलेखनात चुका करायला लागली. मी तिच्या बापाला गाठलं आणि म्हटलं, निदान चौथी होऊ द्या. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. “बाई, तुमचं खरं हाय,” तो म्हणाला, “पर चांगलं स्थळ आपल्यासाठी थांबत न्हाई. लांबणीवर टाकलं न् पुढं काय मिळालं न्हाई, तर मंग पोरीनं कुनाच्या नावानं बोटं मोडायची? माज्याच.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती.

शेजारी मुलांच्या शाळेवर मास्तर होते. कुलकर्ण्यांच्या घरातले, वयानं मोठे, सभ्य. ते माझ्याशी चार हात लांबून पण अहो-जाहो करून बोलत. मी त्यांना विचारलं, एवढ्या लहान मुलीचं लग्न कायद्यात बसत नाही ना? ते म्हणाले, “बसत नाही. पण बाई, कायदा नगरला राहतो. इथं यायला त्याला मोटार मिळत नाही.”

त्या संध्याकाळी मी भिंतीजवळच्या त्या जागेपुढं उभी राहिले आणि देवाला म्हणाले, हे लग्न होऊ देऊ नकोस. तुला काय वाटेल ते कर, पण ती सुपारी फुटू देऊ नकोस. त्या लोकांना आल्या वाटेनं परत पाठव. मला ही मुलगी चौथीपर्यंत तरी हवी आहे. हे मी एकदा नाही, सुपारीचा दिवस येईपर्यंत रोज म्हणत राहिले. रडून म्हणाले, चिडून म्हणाले.

सुपारीच्या आदल्या दिवशी श्रीगोंद्याकडून माणूस निरोप घेऊन आला. मुलाचा आजा वारला होता. सुपारी पुढं ढकलली.

हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. तो क्षणभरच टिकला, पण झाला. मग मला माझेच शब्द आठवले. मी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. मी म्हटलं, आई, मी देवाला म्हणाले होते, तुला काय वाटेल ते कर. मी असं मागितलं नव्हतं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“म्हातारा पिकला हुता, गेला,” ती म्हणाली. “देव काय तुझा गडी हाय व्हय, तू सांगावं न् त्यानं जाऊन मानूस मारावं? लईच मोठी समजाया लागलीस सोत्ताला.”

ती असं बोलली याचं मला फार बरं वाटलं. पण गाव आईसारखं बोलणार नव्हतं. पुढच्या सकाळी मी विहिरीवर गेले तर माझ्या घागरीत कुणी पाणी ओतेना. मी उभी राहिले, ऊन चढलं, बायका आल्या आणि भरून गेल्या. शेवटी एकजण दुसरीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल असं, “हिला पानी घालू नगा. काळजिभी हाय ती. पोरीच्या लग्नावर करनी केली.” मी विचारलं, कोण म्हणतं? तेव्हा त्या मुलीची आई पुढं झाली. रोड, डोळे खोल गेलेली बाई. एरवी ती कधी मान वर करून बोलत नसे. “म्या माज्या कानानं आईकलंय,” ती म्हणाली. “रोज तिनीसांजंला शेन काढताना आईकलंय. भिंतीपल्याड तू म्हनत हुतीस, सुपारी फुटू नगं म्हून. आन म्हातारा मेला.”

मी रिकामी घागर घेऊन घरी आले. शाळेत त्या दिवशी एकही मुलगी आली नाही. मी बसून राहिले. पलीकडं बैल रवंथ करत होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. इतके दिवस मी कशी बहिरी होते याचं मला नवल वाटलं.

दुपारी निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं यायचं. गावाचं म्हणणं ठरलं होतं. मी जे बांधलंय ते मी सोडायचं. सगळ्यांसमक्ष, मोठ्यानं, माझ्या देवाला सांगायचं की हे लग्न बिनघोर होऊ दे आणि लवकर होऊ दे. तसं केलं तर शाळा राहील. नाही केलं तर आम्ही दोघींनी गाव सोडायचं आणि बोर्डाला अर्ज जायचा की या बाईनं जादूटोणा करून गावात मरण आणलं. असा अर्ज गेला असता तर खरंखोटं कुणी विचारलं नसतं. माझी नोकरी गेली असती, आणि त्या भागात ख्रिस्ती मास्तरीण पुन्हा कुणी ठेवून घेतली नसती.

संध्याकाळी मास्तर मुद्दाम आमच्या दारापर्यंत आले, आणि ते आमच्या दाराशी यापूर्वी कधी आले नव्हते. म्हणाले, “बाई, दोन शब्द म्हणा आणि मोकळ्या व्हा. त्यांची समजूत होईल, तुमचं काय जातं? देवाला का कळत नाही, तुम्ही कुठल्या परिस्थितीत म्हणालात ते?” भला माणूस होता. आणि खरं सांगायचं तर ते अगदी माझ्या मनातलंच बोलले होते. मी दिवसभर हाच विचार करत होते. दुसराही एक रस्ता होता. मी असं काही बोललेच नाही, त्या बाईला भास झाला, असं म्हणता येत होतं. मास्तरीण शिकलेली आणि ती अडाणी, निम्म्या गावानं माझं मानलं असतं.

मी आईला म्हटलं, उद्या सकाळी गाडी करू आणि कर्जतला जाऊ. मला भीती वाटते. आई म्हणाली, “वाटंलच. मला बी वाटती.” मग ती वडिलांविषयी बोलली. ते गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल फार बोलत नसे. “तुझ्या बापाला राजूरच्या अंगाला एका गावातनं दगड मारून हाकलला हुता. फुडल्या बाजाराला त्याच गावात परत गेला. म्या इचारलं, येवढा धीर कुटनं आनता? तर म्हनला, धीर मी मागतच न्हाई. धीर आला का न्हाई ते मानसाला कळत न्हाई. मी म्हनतो, बापा, माझं पाय तेवढं हलव.”

सकाळी उजाडायच्या वेळी मी उठून दाराबाहेर उभी राहिले. प्रार्थनेला तोंड उघडलं तर आवाजच येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गावाला ऐकू जाईल ही एक धास्ती, आणि देवाला काय म्हणायचं हेही कळेना. म्हातारा गेल्यापासून मी देवाशी बोललेच नव्हते. मी त्याला भीत होते, गावापेक्षा जास्त. शेवटी मनातल्या मनात म्हणाले, माझे पाय हलव. एवढंच. आयुष्यातली माझी पहिली मुकी प्रार्थना ती. मला काही प्रकाशबिकाश दिसला नाही, शांतीही वाटली नाही. पण आई पातळ सारखं करून बाहेर आली आणि आम्ही चालायला लागलो.

चावडीच्या ओट्यावर माणसं बसली होती. आम्ही दोघी खाली उन्हात उभ्या राहिलो. बायका पलीकडच्या आडोशाला होत्या. त्या मुलीचा बाप ओट्याच्या कडेला मान खाली घालून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “बाई, म्या तुला जागा दिली.” इतके दिवस तो मला ‘तुमी’ म्हणत आला होता. बाकीच्यांनी पुढं जे जे ऐकवलं त्यातलं काही मला लागलं नाही, हे लागलं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तू मागितलंस का न्हाई?”

“मागितलं,” मी म्हणाले. “मी नाकारत नाही. त्या वहिनींनी ऐकलं ते खरं ऐकलं. पण ती करणी नव्हती. मी देवाशी बोलत होते आणि मी कुणाचं मरण मागितलं नव्हतं.”

“मंग आता उलटं बोल. आमच्या म्होरं.”

मी पदर डोक्यावर घेतला. आई माझ्या शेजारी सरकली. मी डोळे मिटले आणि पहिल्या दोन शब्दांना माझा आवाज इतका चिरका निघाला की पोरंटोरं हसली. मग तो सुटला.

मी म्हणाले, बापा, तू सगळं ऐकलं आहेस. जो म्हातारा गेला त्याच्या घरच्यांचं सांत्वन कर. माझ्या तोंडून कुणाचं वाईट गेलं असेल तर मला क्षमा कर. ज्या माणसानं आपली खोली रिकामी करून मला दिली, त्याच्या गोठ्याला, शेताला, घराला काही कमी पडू देऊ नकोस. तो आपल्या मुलीचं वाईट करत नाही, त्याला जे बरं दिसतं ते तो करतो, हे मला माहीत आहे. आता ही माणसं म्हणतात, हे लग्न लवकर होऊ दे असं माग. ते मी मागत नाही. ते मागितलं तर मी तुझ्यापुढं खोटी आणि यांच्यापुढंही खोटी. मला अजूनही वाटतं की ती लहान आहे. तिला अजून वाढू दे. पण तिचं लग्न जेव्हा होईल, जिथं होईल, तिथं तिला कुणी उपाशी ठेवू नये, तिच्या अंगावर कुणी हात टाकू नये, आणि तिची पाटी कुणी फोडू नये. एवढं मागते.

“आमेन,” आई म्हणाली. त्या सगळ्या चावडीत एकटी तीच म्हणाली, आणि चांगलं खणखणीत म्हणाली.

मी डोळे उघडले. मला वाटलं, आता दगड येतील. त्या मुलीचा बाप उठला, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाला, “शाळंची खोली आजपास्नं बंद.” एवढं बोलून तो घराकडं निघून गेला. त्याच्यामागं एकेक करून सगळे उठले. गाव सोडून जा, हे मात्र कुणी पुन्हा म्हणालं नाही. जे म्हणणार होते त्यांच्याही ते तोंडात राहिलं. बोर्डाला अर्जही गेला नाही.

मास्तरांनी त्यांच्या शाळेची मागची ओसरी मला दिली. देताना म्हणाले, “काल मी तुम्हाला जे सांगितलं ते विसरा.” मी त्या ओसरीवर महिनाभर जवळजवळ रिकाम्या सतरंजीला शिकवलं. मग दोन मुली आल्या, मग आणखी काही. विहिरीवर पुन्हा कुणीतरी वरून पाणी सोडायला लागलं, पूर्वीसारखंच, लांबून. ती मुलगी मात्र आली नाही. तिला घराबाहेर पडू देत नव्हते. सुतक फिटलं, सुपारी फुटली आणि वैशाखात लग्न लागलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. वाजंत्री गावकुसाबाहेर आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती. मी आईला म्हटलं, देवानं माझं ऐकलं नाही. आई म्हणाली, “आईकलं. केलं न्हाई.” आणि ती डोळ्याला पदर लावून चुलीकडं वळली. तिनं मला बाकी काही समजावलं नाही, आणि मला अजूनही ते समजलेलं नाही. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

श्रावणात एका संध्याकाळी मी मास्तरांची ओसरी झाडत होते, तेव्हा त्या मुलीची आई आली. कडेवरून उतरून नुकतीच चालायला-बोलायला लागलेली, दीड-दोन वर्षांची तिची धाकटी पोर लुगड्याला धरून होती. मी केरसुणी हातात घेऊनच उभी राहिले. मला वाटलं, आता आणखी काय.

“खोली उघडलीया,” ती म्हणाली. “मालकास्नी म्या सांगितलं. लई दिस बोलले न्हाईत माझ्यासंगं, मंग उघडली.”

मी तिला विचारलं, “मुलगी बरी आहे?”

“बरी म्हनायची. सनाला आल्ती, रडत गेली.” ती खाली बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती. “तवा म्या गावात बोलले, ते भ्याले म्हून बोलले. पर बाई, तुला खरं सांगते. पयल्या दिशी आईकलं तवा मी भ्याले न्हाई. हातात शेन तसंच धरून हुबी राहिले. माझं लगीन झालं तवा मी हिच्या थोरलीहून बारीक हुते. माझा बा हुता, आई हुती, चुलते हुते. एवढ्या मानसांत माझ्यापायी देवाला कुनी अडिवलं न्हाई.”

मी केरसुणी ठेवली आणि तिच्याजवळ खाली बसले. ती सरकली नाही.

“ही लहान हाय,” ती पोरीकडं बघून म्हणाली. “हिच्यासाठी आत्तापास्नं मागायला लाग. उशीर करू नगं.”

दुसऱ्या दिवशी मी शाळा पुन्हा गोठ्याशेजारच्या त्या खोलीत नेली. संध्याकाळी मुली गेल्यावर फळ्याजवळ उभी राहिले. पलीकडं शेण ओढायचा आवाज येत होता. मी पदर डोक्यावर घेतला तसा तो आवाज थांबला, आणि मी तिला ऐकू जाईल असं मागायला सुरुवात केली.